तिन्ही फोटोंतला फेस

‘फोटो सुंदर आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेता का?’ महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातले साहेब आमच्या गटाचं पत्रक माझ्याकडे परत सरकवत म्हणाले.

पत्रकावर पुण्याजवळच्या मांजरीतला ओढा होता. नव्या सोसायटीचा पाइप थेट त्यात उघडतो आणि खाली पाण्यावर जाड फेस तरंगत राहतो. काठावर एका मावशींची विहीर आहे. त्या विहिरीवर त्यांची मेथी-कोथिंबीर, आणि आता विहिरीलाही वास येऊ लागला होता. पाइपाची तपासणी करा, एवढीच आमची मागणी. साहेबांशेजारी सोसायटीचे अध्यक्ष बसले होते. त्यांनी मोबाइल पुढे केला. तोच ओढा, तोच पाइप, पण पाणी असं निळं की पाय सोडून बसावं. साधा मोबाइलचा फोटो आहे, काहीही एडिट केलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी निकाल देऊन टाकला: तुमचा फोटो काळा केलेला दिसतो, एडिट न केलेला मूळ फोटो आणा, मग तपासणीचं बघू.

म्हणजे मोबाइल हरिश्चंद्र आणि आम्ही खोटारडे. अहो, मोबाइल तर बटण दाबलं की विचारल्याशिवाय रंगरंगोटी करून मोकळा होतो. आम्ही पत्रकवाले स्वस्त कागदावर फोटो फिका उमटतो म्हणून छापायला देताना काळा थोडा वाढवतो. सगळ्या चळवळींत वाढवतात. त्याची मला लाज वाटत नाही.

पत्रकातला फोटो मीच काढलेला, त्यामुळे माझ्याकडे रॉ फाइल होती. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या उजेडाची नुसती नोंद. तिचा फोटो व्हायला कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ती शिजवावी लागते, आणि आचारी बदलला की चव बदलते. साहेब मागत होते तो ‘मूळ फोटो’ जगात कुठेच नव्हता.

रविवारी हिंजवडीत नोकरी करणारा मित्र लॅपटॉप घेऊन स्वारगेटजवळच्या माझ्या खोलीवर आला. त्याच्याकडे दरमहा भाड्याचं, भारीतलं सॉफ्टवेअर. त्यात फाइल उघडताच ओढा निळसर, चकचकीत झाला. वर त्याने फोटोतले रवाळ दाणे साफ करायचं बटण दाबलं, तर फेसाचे बुडबुडे गुळगुळीत होऊन पाण्यावर इस्त्रीची चादर पसरली. ते बटण मी बंद करायला लावलं. कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच ओढा तपकिरी. माझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवट, मरगळलेला.

‘फुकटचं असं रडकंच दिसणार,’ तो म्हणाला.

‘ओढा पण रडकाच आहे.’

त्याचं म्हणणं, कंपनीचा तपकिरी द्यावा, नावाला वजन असतं. तीन दिले तर साहेब म्हणतील, यांनाच माहीत नाही खरा कुठला. मला हिरवटच हवा होता, कारण त्या सॉफ्टवेअरच्या आत काय चालतं ते कुणीही उघडून बघू शकतं. भांडता भांडता वडापाव गार झाले. शेवटी त्यानेच वैतागून तिन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी लावले. तिन्हींचं एकाही रंगावर एकमत नव्हतं. पाइप आणि फेस मात्र तिन्हींतही जागच्या जागी.

सोमवारी तिन्ही प्रिंट आणि मावशींना घेऊन मी कार्यालयात गेले. अध्यक्ष होतेच.

‘यातला खरा कुठला?’ साहेबांनी विचारलं.

‘आवडेल तो ठेवा. निळसर घ्या, तपकिरी घ्या, हिरवट घ्या. बिनफेसाचा मिळणार नाही.’ मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. ‘यात रॉ फाइल आहे. तुमच्या माणसाला चौथ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू द्या. आणि यांच्या मोबाइलचीही रॉ फाइल मागवा.’

अध्यक्ष म्हणाले, तसलं काही मोबाइलमध्ये नसतं. साहेबांनी पेन ड्राइव्ह बोटाने माझ्याकडे ढकलला. आम्ही स्टुडिओ चालवत नाही, म्हणाले.

मावशी उठल्या. ‘सायेब, फोटू ऱ्हाऊ द्या. वढा तिथंच हाय, कुटं पळून गेला न्हाय. चला की.’

नाही म्हणायला साहेबांना कारण सापडेना. दुपारी ते आले, अध्यक्षही मागून आले. काठावर पोहोचायच्या आत साहेबांचा रुमाल नाकावर गेला होता. एका हाताने रुमाल धरून दुसऱ्या हाताने त्यांनी मोबाइल काढला आणि स्वतः फोटो घेतला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पाणी निळंशार, आणि फेस असा की ढगांचं प्रतिबिंब वाटावं.

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग ओढ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. अध्यक्ष काहीतरी बोलायला लागले होते, त्यांना हातानेच थांबवलं आणि मोबाइल खिशात टाकला.

‘तो पेन ड्राइव्ह द्या,’ ते रुमालाआडून म्हणाले.

मी लगेच दिला नाही. आधी त्यांच्याकडून तपासणीची तारीख लिहून घेतली.