पक्षकार ब

माझ्या बायकोला मी घरात नावाने हाक मारत असे, पण तिच्याविषयी दुसऱ्यांशी बोलताना ‘ही’ म्हणायचो. ती गेल्यावरही ती सवय सुटलेली नाही, म्हणून इथेही तसंच लिहितो.

ही अमरावतीला वकिली करत होती. जिल्हा न्यायालयात सहा वर्षं. माहेरच्या कुटुंबात काळा कोट घालणारी पहिलीच. मग माझ्या नोकरीपायी आम्ही नेदरलँड्सला आलो आणि हिची सनद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये गेली. इथला कायदा वेगळा, भाषा वेगळी. ही डच शिकली, गावातल्या वाचनालयात पुस्तकं लावायला जाऊ लागली, आणि कोणी विचारलं तर ‘वकील होते’ असं भूतकाळात सांगू लागली. कोरोनाची साथ येण्याच्या आदल्या वर्षी मात्र हिला ॲमस्टरडॅमच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. ती कंपनी वकिलांसाठी एक प्रोग्रॅम तयार करत होती. शंभर पानांचा करार त्याने काही मिनिटांत वाचायचा आणि सांगायचं की यात कोणावर कसली जबाबदारी आहे, करार कधी मोडता येतो, धोका कुठे आहे. मोठ्या वकिलांच्या हाताखालची माणसं ज्यात आठवडेच्या आठवडे घालवत, ते काम. पण मशीनला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. हजारो वाक्यं घेऊन प्रत्येकावर खूण करायची: हे बंधन, ही अट, ही नुसती इच्छा. ते करणाऱ्यांत ही होती.

“कायदा कुठल्याही देशाचा असू दे,” ही म्हणायची, “वाक्यात कोण कोणाला बांधतंय, एवढं मला कळतं.”

ते म्हणताना हिचा चेहरा अमरावतीच्या दिवसांतल्यासारखा व्हायचा. त्या चेहऱ्यासाठी मी त्या कंपनीचा आभारी होतो. पहिलं वर्षभर तरी.

मग सगळे घरी बसले. आल्मेरेचं आमचं घर तसं ऐसपैस. ही वरच्या खोलीत, मी खाली जेवणाच्या टेबलाशी. माझं काम सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याचं, त्यात दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. हिचं उलटं. दक्षिणेकडच्या बेस्ट नावाच्या गावात राहणारी एक इंजिनिअर हिच्याबरोबर होती, मूळची डोंबिवलीची, हिच्याहून दहा वर्षांनी लहान. प्रोग्रॅम तिचा, कायदा हिचा. दोघी रोज चार-चार तास स्क्रीनवर समोरासमोर. वरून मराठी ऐकू यायचं, मग इंग्रजी, मग हसणं. हिचं ते हसणं मी ओळखत होतो. आधी नाकातून एक आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम. लग्नाच्या सुरुवातीला मी ते पुष्कळ ऐकलं होतं.

जेवायला खाली यायची तेव्हा ही थकलेली असे.

“आज काय झालं एवढं हसायला?”

“कामाचं.”

“सांग ना.”

“गोपनीय आहे,” असं म्हणून भाजी वाढून घ्यायची. “आणि सांगून तुला हसू येणार नाही.”

एकदा मी चहा घेऊन वर गेलो. दार अर्धं उघडं होतं. ही स्क्रीनकडे वाकून म्हणत होती, “नाही गं बाई. तो म्हणतोय, ‘करीन’. याचं ‘करीन’ म्हणजे काही बंधन नव्हे. इच्छा आहे बिचाऱ्याची. लाव इच्छेची खूण आणि पुढे चल.” मला पाहून ही गप्प झाली. स्क्रीनवरच्या बाईने तोंडावर हात घेतला. मी कप ठेवला, “साखर कमी आहे,” म्हणालो आणि खाली आलो.

त्या दोघी माझ्याविषयी बोलत होत्या याची मला खात्री होती. विचारलं मात्र नाही. मी विचारणाऱ्यांपैकी नाही, मनात ठेवणाऱ्यांपैकी आहे. पुढचे कित्येक महिने मी ते ठेवलं. ज्या माणसाबरोबर मी सोळा वर्षं राहिलो त्याचं बोलणं आता रोज दुसऱ्याच घरी जातं, आणि माझ्या वाट्याला भाजीत मीठ बरोबर आहे का एवढं येतं, हे मला लागत होतं. ती इंजिनिअर पुरुष असती तर निदान या दुखण्याला लोकांना कळेल असं नाव तरी असतं.

नोव्हेंबरात ही गेली. साथीने नाही, मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी रुग्णवाहिका आली, तिसऱ्या दिवशी संपलं. अंत्यविधीला मोजकी माणसं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम स्क्रीनवरच झाला. अमरावतीहून भन्तेजींनी वंदना घेतली, चाळीसेक चौकटींत माणसं हात जोडून बसलेली, कोणाचा तरी माइक चालू राहिल्यामुळे कुकरच्या शिट्ट्या. मला बोलायला सांगितलं. मी दोन वाक्यं बोललो आणि थांबलो, कारण तिसरं नव्हतं. मग ती इंजिनिअर बोलली. ताई असं म्हणायच्या, ताई तसं म्हणायच्या. पंधरा मिनिटं. हिची अख्खीच्या अख्खी वाक्यं तिच्याजवळ होती. सगळे रडत होते. मी तिच्या चौकटीकडे बघत होतो आणि माझ्या मनात जे होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही.

आठवड्याने कुरियरवाला कंपनीचा लॅपटॉप न्यायला आला. दीड मीटरवर उभा राहिला. आदल्या दिवशी मी त्यावर सात-आठ पासवर्ड घालून पाहिले होते. लग्नाची तारीख, हिच्या आईचं नाव, आमच्या गल्लीचं नाव. एकही लागला नाही.

फेब्रुवारीत इंजिनिअरचा फोन आला, सहज, चौकशीसाठी. बोलता बोलता म्हणाली, “ताईंच्या नियमावलीवरच अजून सगळं चालतंय, भाऊजी. नवीन लागलेले सगळे आधी तीच वाचतात. परवा एक डच मुलगी मला विचारत होती, हा पक्षकार ब खरंच कोणी आहे का म्हणून.”

“कोण पक्षकार ब?”

“म्हणजे... ताईंनी तुम्हाला कधी दाखवलं नाही?”

मग तिने सांगितलं. वाक्यांवर खुणा कशा करायच्या याची एक नियमावली हिने लिहिली होती. त्यात उदाहरणं हवीत. ग्राहकांच्या करारांतली वाक्यं वापरायला बंदी, कारण ती गुप्त. म्हणून हिने आपली बनवली, आणि तीच मशीनलाही शिकवली जात. पक्षकार अ आणि पक्षकार ब एका घरात राहतात आणि त्यांच्यात करार झालेला आहे.

“कुठलं घर?” मी उगाच विचारलं.

“आता काय सांगू, भाऊजी,” ती म्हणाली. “आल्मेरेचंच.”

मी तिच्याकडे त्या नियमावलीची प्रत मागितली. तिला देता येईना. मी कंपनीला पत्र लिहिलं, त्यांचं सभ्य उत्तर आलं: मनापासून सहानुभूती आहे, पण कामात लिहिलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं, तसं नोकरीच्या करारात आहे. मी हिचं फोल्डर काढून तो करार पाहिला. होतं तसं. खाली हिची सही. कुठेही सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचणारी बाई होती ही, तेव्हा तेही वाचलेलंच असणार. आमचं घर हिने डोळे उघडे ठेवून देऊन टाकलं होतं. मला काय हवंय हे तोवर मला नीट कळलं होतं. त्या पानांत मी कुठल्या खुणेखाली आहे, ते मला हवं होतं.

मार्चमध्ये इंजिनिअरने कळवलं, “साहेबांना विचारलं. प्रत नाही, लिहूनही घ्यायचं नाही, पण वाचून दाखवायला हरकत नाही म्हणाले. रविवारी दुपारी चालेल?”

ती तिच्या बेस्टच्या घरातून स्क्रीनवर बोलत होती, मागे दोरीवर मुलांचे कपडे वाळत होते. तिने इंग्रजीत वाचलं, मी आठवतं तसं मराठीत मांडतो.

“‘पक्षकार ब उन्हाळ्याआधी मागची शेड रंगवण्याचा प्रयत्न करेल.’ खूण: बंधन नाही. ताईंची टीप: ‘प्रयत्न हा शब्द दिसला की मशीनने फसू नये. पक्षकार ब पाच वर्षं प्रयत्न करू शकतो.’”

मी खिडकीतून शेडकडे पाहिलं नाही.

“‘पक्षकार ब ने वाचून झालेली पुस्तकं जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवू नयेत.’ खूण: मनाई. टीप: ‘मनाई मोडली तर काय, हे लिहिलेलं नाही. म्हणून पायऱ्या भरलेल्या.’”

इथे ती हसली, आणि वाक्य संपायच्या आधीच हसली, कारण पुढे काय येणार हे तिला पाठ होतं. मला पाठ नव्हतं.

“‘पक्षकार अ ने काही विचारल्यास आणि पक्षकार ब गप्प राहिल्यास...’ हे वाचू का, भाऊजी?”

“वाचा.”

“‘...ती संमती समजू नये. नकारही समजू नये.’ टीप: ‘ही जागा मशीनला जमणार नाही. मलाही अजून जमलेली नाही.’”

अशी वीस-बावीस झाली. ही कशी आहे हे मला माहीत होतं, पण ही इतकी गमतीदार लिहिते हे नव्हतं. ते एका डच मुलीला माहीत होतं. ते मशीनला माहीत होतं. त्या मशीनचं हे सगळं हजार वेळा वाचून झालं होतं, आणि मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही दुसरीच्या आवाजात.

“एक विचारू?” मी म्हटलं. “बंधन ही खूण पक्षकार ब ला कुठे आहे का?”

“बघते हं.” ती शोधू लागली. बराच वेळ खाली-वर करत राहिली. “अ ला पुष्कळ आहेत... ब ला... एक मिनिट.” मग तिचा चेहरा उतरला. “होतं एक. आता नाहीये.”

“म्हणजे?”

“मीच बदललं, जानेवारीत. नवीन लोकांना ते फार घरगुती वाटत होतं, म्हणून तिथे माल पोचवण्याचं उदाहरण टाकलं. जुनी आवृत्ती असते पण. थांबा.”

मी थांबलो.

“‘पक्षकार ब दर शनिवारी बाजारातून ताजी मासळी आणेल आणि स्वतः साफ करेल.’ खूण: बंधन. टीप: ‘इथे शंका नको. पाऊस असो, बर्फ असो, आणतोच. बंधन म्हणजे काय, हे कोणाला समजत नसेल तर हे वाक्य दाखवावं.’”

तिच्याकडे कोणीतरी “मामा”, म्हणजे डचमध्ये आई, अशी हाक मारत होतं.

“हे परत घालता येईल का?” शेवटी मी म्हणालो.

“येईल ना. माझं मी घालू शकते.” तिची बोटं चालली. “झालं. आता कोणीही उघडलं तरी हेच दिसेल.”

“दाखवाल? एकदाच, नुसतं लांबून.”

तिने विचार केला, आणि मग ते पान माझ्या स्क्रीनवर आणलं. वाक्य हिचं, टीप हिची. शेजारी राखाडी अक्षरांत, हा मजकूर कोणी लिहिला ते आपोआप उमटलेलं. तिथे त्या इंजिनिअरचं नाव होतं, आणि त्या रविवारची तारीख.

तिच्याही ते लक्षात आलं. “सिस्टिम तशी आहे, भाऊजी,” ती ओशाळून म्हणाली. “जो टाकतो त्याचंच नाव लागतं. बदलता येत नाही.”

“असू दे,” मी म्हणालो. ते खरं नव्हतं. मी तिचे आभार मानले, तेवढं मात्र खरं होतं. स्क्रीन बंद झाल्यावर, लिहून घेणार नाही असं कबूल केलेलं असल्यामुळे, ते वाक्य मी तोंडाने म्हणत घरभर फिरलो, हिच्या आवाजात जमतं का ते पाहत. बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते त्या दुसऱ्या बाईच्याच आवाजात ऐकू आलं.