दाजींना फक्त पाय दिसतात

आमच्या दाजींइतका डोक्यात जाणारा माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि सांगलीत असलाच तर मला त्याला भेटायचं नाही. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी तोंड आवरून आहे, एवढंच. हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते. नोकरी संपली, शिट्टी गेली, खोड काही गेली नाही. म्हसवडच्या बाजारात समोरून कुणी आलं की लोक तोंड बघतात, हे पाय बघतात. घराणं मेंढरांमागं फिरणारं. संध्याकाळी कळप परतताना यांचे वडील एकेका मेंढराचे पाय बघत आणि लंगडणारं तिथंच बाजूला काढत. दाजींनी मेंढरं सोडली आणि माणसांना धरलं.

बरं, वेळकाळाचं भान असावं की नाही? पुतण्याच्या लग्नात नवरा पाया पडायला वाकला, तर यांनी त्याला तसाच ओणवा धरून ठेवला. कमरेतून नव्हे, गुडघ्यातून वाक, म्हणून सगळं पुन्हा करायला लावलं. मागं नवरी शालू सावरत ताटकळलेली. शेजारचे अण्णा गेले तेव्हा तर हद्द झाली. तिरडी उचलायला चौघं वाकले आणि हे गर्दीतून पुढं आले. "थांबा, कंबर धरंल. खाली बसा, पाठ ताठ ठेवा, मग उठा." चौघंही मुकाट बसले. अण्णांच्या बायकोनं रडणं थांबवून वर पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण म्हणते, त्यांचं मनावर घेऊ नकोस. का घेऊ नको? स्मशानातसुद्धा हे मला खांदे मागं घ्यायला सांगत होते.

हे सगळं मी गिळलं. पण माझ्या पूनमच्या बाबतीत यांनी नाक खुपसलं, तेव्हा मात्र माझा तोल गेला. पूनम पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या भरतीत तिची नडगी इतकी ठणकली की तिनं पळणं अर्ध्यात सोडलं. वयाची अट बघता ही शेवटची संधी. म्हणून आमच्याकडं सगळे करतात तेच मी करत होतो: पहाटे डांबरी रस्त्यावर मी मोटारसायकलवर पुढं आणि पोरगी मागं पळत. एका सकाळी दाजी रस्त्याच्या मधोमध उभे. मी ब्रेक मारला, तर त्यांनी चावीच काढून खिशात घातली.

"पाव्हणं, गाडी गाठायला पोरगी पाय लांब फेकतीया. टाच म्होरं आदळती, समदा दणका नडगीत जातुया. पळणं बंद."

भरती तोंडावर आलेली आणि म्हणे पळणं बंद. माझं टाळकंच सटकलं. भर रस्त्यात मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बोलताना मान पुढं काढू नका, असं मलाच सुनावलं.

दुसऱ्या दिवसापासून पूनम कोरड्या माणगंगेच्या वाळूत. मेंढरांमागची काठी खांद्यांवर आडवी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले, आणि नुसतं चालायचं. पाऊल अंगाखाली पडलं पाहिजे, पुढं नाही. मग तशाच आखूड पावलांनी हळू पळायचं. काठी जरा कलली की दाजी खेकसणार. बाकीच्या पोरी रस्त्यावर घाम गाळत होत्या आणि माझी पोरगी हरवलेलं मेंढरू शोधत निघाल्यासारखी. मी काठावर बसून दातओठ खायचो. शेवटी पूनमच मला म्हणाली, "पप्पा, दुखत न्हाई आता. तुमी गप बसा."

भरतीला मैदानावर ती आठशे मीटर पळाली, आणि मी कुंपणाबाहेरून तिच्या तोंडाकडं नव्हे, नडग्यांकडं बघत होतो. शेवटपर्यंत पाऊल अंगाखालीच पडलं. निवड झाली. पेढे घेऊन गेलो तर दाजी म्हणाले, डावा खांदा अजून पडतोय. असला हा माणूस.

ती ट्रेनिंगला निघाली तेव्हा स्टँडवर आम्ही सगळे रडलो. दाजी मात्र ती एसटीत चढेपर्यंत तिचे पाय बघत राहिले. गाडी वळल्यावर त्यांनी खिशातून माझी चावी काढून दिली. मी कधीच दुसरी करून घेतली होती, पण बोललो नाही.

आता ते सकाळी नदीच्या काठावर एकटेच बसलेले असतात, काठी मांडीवर. काल मी मुद्दाम त्यांच्यासमोरून गेलो. पोक काढलं, खांदा पाडला, पाय फरफटवत गेलो आणि तसाच परत आलो. त्यांनी वाळूवरची नजर काढली नाही. "पोरीचा फोन आल्ता का?" एवढंच विचारलं. आल्ता म्हटलं, तर मान हलवून पुन्हा गप्प.

माझी एवढी वाकडी चाल आणि हा माणूस चकार शब्द बोलत नाही. खरं सांगतो, इतका राग मला त्यांचा आजवर कधी आला नव्हता. तसाच तणतणत घरी आलो आणि पूनमला फोन लावला. म्हटलं, आज त्यांना फोन कर, आणि खोटं का होईना, पाय दुखतोय म्हण.