भ्यालेल्या बापांची बैठक

आकाराम शिंत्रे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होता. भट्टीतून निघालेला लोखंडाचा लालभडक रस भांड्यात घेऊन साच्यात ओतायचा, हे त्याचं काम. हात जरा हलला तर पायाचं मांस जळून जाईल अशा जागी तो विशीपासून उभा होता, आणि तिथं त्याला कधी भीती वाटली नव्हती. गल्लीत कुणाकडं साप निघाला तरी पहिली हाक आकारामला जायची.

१९६९ साली त्याला मुलगी झाली. बायको चिमणाबाई बाळंतपणाला माहेरी, हुपरीला गेली होती. बारशाला आकाराम एस.टी.नं गेला. सासुरवाडीत पैंजण घडवायचं काम चालायचं, त्या ठोकठोकीतही गाढ झोपलेली पोर त्यानं मांडीवर घेतली ती सोडेचना. शेवटी सासू विठाबाईंनी हसत सांगितलं, की आता पाळण्यात घालू द्या, नाव ठेवायचं राहिलंय. नाव ठेवलं शालन.

तिसरा महिना सरल्यावर चिमणाबाई पोरीला घेऊन कोल्हापूरला आली. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला कौलारू खोल्यांची एक ओळ होती, तिथं त्यांची एक खोली. फौंड्रीला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी चिमणाबाई पाय लांब करून शालनला न्हाऊ घालायला बसली. आकारामनं चुलीवरचं कढत पाणी उतरवलं आणि त्यात गार पाण्याचं विसण घालायला तो वाकला. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, हे पाणी असंच पोरीच्या अंगावर ओतलं तर?

नुसतं मनात आलं नाही, त्याला ते दिसलं. पोरीची कातडी दिसली, तिचा आवाज ऐकू आला. त्यानं भांडं खाली ठेवलं आणि तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. आतून चिमणाबाई पाणी मागत होती. त्याला आत जाता येईना.

त्याला वाटलं, एकदा आलं, गेलं. पण ते गेलं नाही. दुसऱ्या दिवशी विळी बघितली आणि तोच प्रकार झाला. मग पोरीची उशी बघून, नंतर चूल बघून. पोरीला उचललं की हात आपोआप तिला खाली टाकतील असं वाटायचं. जितकं मनातून हाकलावं तितकं ते घट्ट बसायचं. विळी त्यानं फळीवर पोत्याखाली लपवली. चिमणाबाईनं ती शोधून काढली आणि विचारलं, तेव्हा उंदीर लागतात म्हणून काहीतरी सांगितलं. तिला ते पटलं नाही.

हळूहळू तो घरी उशिरा यायला लागला. पोर रडली की उठून बाहेर जायचा. ज्या माणसानं बारशाला पोर मांडीवरून सोडली नव्हती तो आता तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. चिमणाबाईनं त्याचा एकच अर्थ लावला: मुलगी झाली म्हणून हा नाराज आहे. शेजारच्या बयाबाईंनी त्यात भर घातली, की पुरुषांचं असंच असतं, पहिला मुलगा पाहिजे असतो. आकारामनं हे भिंतीपलीकडून ऐकलं. तिला तसं वाटू दे, असं त्यानं ठरवलं. खरं कळण्यापेक्षा ते बरं होतं.

खरं म्हणजे काय हेच त्याला कळत नव्हतं. आपल्यात कुणीतरी शिरलंय, नाहीतर आपण मुळातच खुनी आहोत आणि आजवर ते दिसलं नव्हतं, या दोन्हींपैकी एक असणार. तो एका देवऋष्याकडं जाऊन आला. त्यानं अंगारा दिला. अंगारा लावूनही विळी दिसली की घाम फुटायचाच.

पावसाळा संपल्यावर एका दुपारी चिमणाबाईला ताप भरला. अंग फणफणत होतं. बयाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि जाताना शालनला आकारामच्या हातात देऊन गेल्या. घरात दोघंच राहिले. चूल पेटलेली होती. आकारामनं पोरीला पाळण्यात ठेवलं, चूल विझवली, विळी आणि सुरी गल्लीच्या टोकाला गटारात टाकून आला. तरी हात होतेच. हातांचं काय करायचं? तो दाराबाहेर आला, कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि उंबऱ्यावर बसला.

शालन उठली आणि रडायला लागली. तो हलला नाही. रडणं वाढलं, तिचा आवाज बसायला लागला. गल्लीतल्या बायका जमल्या. कुणी दार उघड म्हणालं, कुणी शिव्या दिल्या, एका बाप्यानं त्याच्या दंडाला धरून ओढलं. आकारामनं मूठ उघडली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो इतकंच म्हणत होता, की मला आत जाऊ देऊ नका.

तेवढ्यात शमशुद्दीन मिस्त्री आले. ते त्याच फौंड्रीत लाकडाचे नमुने करायचे, ज्यांच्यावरून वाळूचे साचे पाडतात. पन्नाशीचे, कमी बोलणारे. आकाराम कामावर आला नाही म्हणून बघायला आले होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आकारामच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि हात पुढं केला. आकारामनं किल्ली त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी दार उघडून एका बाईला आत पाठवलं आणि आकारामला घेऊन ते फौंड्रीच्या लाकूडखोलीत आले. तिथं भुशावर बसून आकारामनं पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. सांगताना तो मिस्त्रींकडं बघत नव्हता. आता हे पोलिसांना बोलावणार, असं त्याला वाटत होतं.

मिस्त्रींनी लाकूडखोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आमचा मौला ल्हान हुता तवा मी त्येला खांद्यावर घिऊन हिरीच्या कडंनं जायचो. रोज वाटायचं, आता मी ह्येला आत टाकतोय. मी वाट सोडली. ढेकळातनं जायचो, पन हिरीकडनं न्हाय."

"मग काय झालं?"

"काय न्हाय झालं. मौला आता ट्रक चालवतोय. पन मी कुनाला बोललो न्हाय. बायकूला, रोशनबीलाबी न्हाय. आज तुला पयल्यांदा सांगतोय."

आकाराम त्यांच्याकडं बघतच राहिला. मग भुशात तोंड घालून रडला.

त्या संध्याकाळी मिस्त्रींच्या सांगण्यावरून त्यानं चिमणाबाईला सगळं सांगितलं. तिचा ताप उतरला नव्हता. तिनं ऐकलं, आणि शालनला छातीशी धरून भिंतीकडं सरकली. ते सरकणं आकाराम जन्मभर विसरला नाही. दोन दिवसांनी ती पोरीला घेऊन हुपरीला निघून गेली. तिचं काही चुकलं असं त्याला कधीच वाटलं नाही. उलट त्याला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याचीच मग भीती वाटली.

राजारामपुरीत मिस्त्रींच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांनी मिरजेला येणाऱ्या एका मनाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मिस्त्री आणि आकाराम आठवड्याच्या सुट्टीला तिकडं गेले. बाकावर बसलेला आकाराम दारावरची पाटी बघून दोनदा उठून परत निघाला, दोन्ही वेळा मिस्त्रींनी शर्ट धरून बसवला. डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं. कधी राग येऊन असं वाटतं का, कुणी कानात सांगतं का, करावंसं वाटतं का. आकाराम प्रत्येकाला नाही म्हणाला. मग डॉक्टरांनी सांगितलं, की हा एक आजार आहे आणि तो ओळखीचा आहे. जे सगळ्यांत जिवाचं असतं त्याच्याबद्दलच मन असली चित्रं काढतं. दुसऱ्याला आलं तर तो झटकून टाकतो, तुम्ही दचकता, म्हणून ते तुम्हाला धरून बसतं. पळाल तितकं ते मोठं होईल. गोळ्या दिल्या, आणि बायकोला घेऊन यायला सांगितलं.

हुपरीला जाऊन चिमणाबाईला आणायचं काम रोशनबींनी केलं. मिस्त्रींनी घरी सांगितलं होतं, इतक्या वर्षांनी. रोशनबी विठाबाईंच्या घरी सोप्यावर बसून काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही, पण चिमणाबाई मिरजेला आली. डॉक्टरांचं ऐकून परत येताना एस.टी.त तिनं विचारलं, "मला वाटलं पोरगी झाली म्हनून तुमी... खरंच तसं न्हवतं?"

"न्हवतं," आकाराम म्हणाला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. आधी चिमणाबाई जवळ बसलेली असताना त्यानं शालनला घ्यायचं. मग ती चुलीपाशी असताना. मग ती दाराबाहेर. चित्रं येतच होती. येऊ द्यायची आणि पोरीला खाली ठेवायचं नाही, एवढाच नेम होता. ज्या दिवशी त्यानं स्वतः पाण्याला विसण घालून शालनला आंघोळ घातली त्या दिवशी तो घामानं तिच्याइतकाच भिजला होता. चिमणाबाई उंबऱ्यात उभी होती. आत धाव घ्यायची नाही म्हणून तिनं चौकट धरून ठेवली होती, हे तिनं नंतर सांगितलं.

दोन वर्षं अशी गेल्यावर मिस्त्री म्हणाले, की आपण दोघंच असू असं काही नाही. सुट्टीच्या दिवशी लाकूडखोली रिकामीच असते, तिथं पोराबाळांचे बाप बसू देत. मालक चांगला होता, त्यानं हरकत घेतली नाही. पहिल्या काही आठवड्यांत कुणी आलं नाही. मग एकजण चहाच्या निमित्तानं आला, दुसरा भुसा न्यायला. बोलणं कामाचं, कुस्तीचं व्हायचं. जाताना उभ्या उभ्या एखादा काहीतरी बोलून जायचा. कृष्णात नावाच्या फिटरची बायको बाळंतपणात गेली होती. त्याला तान्ह्या मुलाचा रागच यायचा, आणि त्या रागाची भीती वाटायची. आकाराम फार सल्ले देत नव्हता. स्वतःचं सांगायचा आणि मिरजेचा पत्ता द्यायचा.

गुंडू लोहारही येत होता. जुळी मुलं झालेली, हसरा माणूस. कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकायचा आणि म्हणायचा, की आमचं बरं हाय. एके दिवशी सकाळी तो कामावर निघाला आणि पोचलाच नाही. त्याची चप्पल आणि डबा रंकाळा तलावाच्या काठावर सापडला.

लोकांनी पाण्यात गळ टाकले. आकाराम दिवसभर काठावर उभा होता. गळ कशाला अडकला की तो दोन पावलं पुढं व्हायचा. वर यायचा तो पाणवेलींचा गुंता. गुंडूची बायको दोन पोरं दोन बाजूंना घेऊन बसली होती आणि ती काही विचारत नव्हती. आकारामला वाटत होतं, हा माणूस माझ्यासमोर बसून हसत होता आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही.

गुंडू पाण्यात नव्हता. तो पन्हाळ्याला रस्त्याच्या कामावर खडी फोडताना सापडला, मौलानं ट्रकमधून जाताना ओळखला. मिस्त्री आणि आकाराम तिथं गेले. गुंडू उठला नाही, हातोडा चालवत राहिला. दगडाकडंच बघत म्हणाला, "मी जवळ नसलो तर पोरं जगतील. तेवढंच बगितलं मी."

"डबा पान्यापाशी का ठेवलास?"

"तितवर गेलतो," गुंडू म्हणाला. "मग हितं आलो."

ते तिघं एस.टी.नं खाली आले. गुंडू मध्ये बसला होता आणि आकारामनं त्याचं मनगट धरलं होतं. गुंडूला बरं व्हायला फार दिवस लागले, आणि पुरता बरा झाला असं म्हणता येणार नाही. पण तो घरी राहिला.

त्यानंतर आकारामनं वाट बघत बसणं सोडलं. ज्याला खरी गरज आहे तो बैठकीला येत नाही, किंवा येऊन हसत बसतो, हे त्याला कळलं. आसपास कुणाकडं बारसं असलं की तो मिस्त्रींना घेऊन जायचा. बायका आत पाळण्यापाशी, पुरुष बाहेर पानसुपारीला. बाळाच्या बापाला तो जरा बाजूला घ्यायचा आणि विचारायचा, की पोराला धरताना कधी भ्या वाटतं का. चिमणाबाई आत बाळंतिणीला सांगून यायची, की नवरा पोराला टाळायला लागला तर लगेच रागावू नकोस, आधी विचार.

पुष्कळांनी त्याला वेड्यात काढलं. एकानं अपशकुनी म्हणून हाकलून दिलं. आणि खुद्द आकारामला दर वेळी वेगळीच धास्ती असायची. ज्याच्या मनात काही नाही त्याच्या मनात आपणच हे घातलं तर? त्यानं मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विचारल्यानं हे लागत नाही. त्याला ते पटलं, तरी दर बारशाला जाताना पाय जड व्हायचेच. मिस्त्री १९७८ साली वारल्यावर तर बाहेर पुरुषांत विचारायला तो एकटाच उरला, आणि घरून निघताना चिमणाबाईला म्हणायचा, की आज मी न्हाय येत. मग जायचाच.

१९८४ मधली गोष्ट. राजारामपुरीतला एक तरुण शिक्षक, महाडिक म्हणून. बारशाला त्यानं आकारामचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की असली घाण माझ्या घरात बोलू नका. आकाराम माफी मागून परत आला. त्या रात्री जेवला नाही.

महिन्याभरानं सुट्टीच्या दिवशी लाकूडखोलीच्या दारात महाडिक उभा होता. हातांत बाळ होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. दाढी वाढलेली. आतल्या माणसांकडं न बघता त्यानं बाळ आकारामपुढं केलं आणि म्हणाला, "जरा धरा. माझ्याच्यानं होत नाही."

आकारामनं बाळ घेतलं. महाडिक त्याच्या हातांकडं बघत राहिला.

"तुमचे हात थरथरतायत," तो म्हणाला.

"व्हय," आकाराम म्हणाला. "परक्याचं पोर हाय, जास्तच थरथरनार. तू बस की हितं, माज्या शेजारी."