वहिनी बसून शिकवते

मी नोकरी कसली करतो, हे आमच्या घरात अजून कोणाला धड सांगता आलेलं नाही. मी शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना ‘ब्लेंडेड लर्निंग’ शिकवतो. म्हणजे थोडं बाईंनी शिकवायचं, थोडं टॅबने, आणि प्रत्येक मुलाने आपापल्या चालीने पुढे सरकायचं. आईने याचं तिच्या परीने मराठी केलं होतं: “शाळेत मिसळ लावतो.” बायको काही बोलत नाही, कारण तिने मला शिकवताना पाहिलंय. स्वतःच्या मुलीला मी गणित शिकवायला बसलो, तर त्याच आठवड्यात पोरीने आपणहून क्लास लावून घेतला.

असा मी, आणि आमच्या संस्थेने मला पाठवलं भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या एका मराठी शाळेत. तिथे चौथीच्या वर्गावर माझी थोरली वहिनी.

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी नववीत होतो आणि गणितात गटांगळ्या खात होतो. चपात्या लाटता लाटता तिने मला बीजगणित शिकवलं. पोळपाटावरच्या पिठात बोटाने समीकरण लिहायची, मी ते सोडवायचं, आणि लगेच त्याच्यावर पुढची चपाती लाटली जायची. माझी किती चुकलेली उत्तरं आमच्या घराने तूप लावून खाल्लीत, देव जाणे. आता त्याच वहिनीला शिकवायचं कसं ते सांगायला मी लॅपटॉप घेऊन उभा.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तिने हात वर केला. “सर, एक शंका.”

‘सर’ ऐकून सगळ्या बाया हसल्या. शाळेत आमचं नातं सगळ्यांना ठाऊक होतं.

“टॅब शिकवणार, मुलं आपापली शिकणार. मग मी काय करायचं? टॅब चार्जिंगला लावत बसू?”

“ते पुढच्या स्लाइडमध्ये येतंय,” मी म्हणालो.

पुढच्या स्लाइडमध्ये एक वर्तुळ होतं आणि त्याच्याभोवती बाण. वहिनी त्यात कुठेच नव्हती.

तरी तिने करून पाहिलं. वर्गाचे चार कोपरे केले. एकात टॅब, एकात मणी आणि काड्या, एकात स्वाध्याय, आणि चौथा बाईंचा कोपरा. घंटी वाजली की मुलांनी पुढच्या कोपऱ्यात सरकायचं. मी मागे उभा राहून बघत होतो. वहिनी वर्गाच्या मधोमध, सिग्नल बंद पडल्यावर चौकात उभ्या केलेल्या हवालदारासारखी. टॅब बोलायला लागला की ही त्याच्या वरताण बोलायची. कानाला हेडफोन लावलेली मुलं ओरडून उत्तरं द्यायची, त्यांना गप्प करायला ही त्यांच्याहून मोठ्याने ओरडायची. टॅबवर कुणी जरा अडलं, की वहिनीला राहवायचं नाही. झटकन जाऊन स्वतःच बोटाने बरोबर उत्तर दाबायची. तासाच्या शेवटी टॅबने प्रत्येक मुलाला तारे दिले. टॅबच्या मते अख्खी चौथी हुशार निघाली. खरं तर पास झाली होती एकटी वहिनी.

आणि बाईंच्या कोपऱ्यात चार मुलं रिकाम्या खुर्चीकडे बघत शहाण्यासारखी बसून होती.

नंतर स्टाफरूममध्ये तिने चहा माझ्यापुढे सरकवला. “भावजी, मला नाही हे जमत. हेडबाईंना सांगून टाकलंय, एप्रिलपर्यंत बघते. नाही जमलं तर मुदतीआधी रिटायरमेंट घेते. वर्गात शोभेला ठेवायचंच असेल तर फ्लॉवरपॉट ठेवा. स्वस्त पडेल.”

हसत म्हणाली, पण स्वतःचा चहा तिने तसाच ठेवला.

संध्याकाळी दादाचा फोन. “काय रे, तिला घरी बसवायला निघालास? ती घरी बसली तर मला शिकवायला घेईल. दुधी सोलणं, चादरीच्या घड्या. माझा तरी विचार कर.” मग जरा थांबून म्हणाला, “रविवारी संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे पडतात. हिचा उजळतो. उद्या शाळा असते ना.”

मी त्या रात्री नवीन स्लाइड केली. तिच्यातही बाणच होते.

जानेवारीत वहिनीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मीरा रोडचा तो वन बीएचके, हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही सोडले तर चार जणी जेमतेम उभ्या राहतील. आमंत्रण मात्र दोन विंगना. पुरुषांपैकी दादाला कुठेतरी पाठवून दिलं होतं आणि मला दारात चपलांवर नेमलं होतं. माझ्या शिक्षणाला शोभेल असं काम इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालं.

तिथून मला सगळं दिसत होतं. बायका एकदम लोंढ्याने आल्या, पण आत गर्दी म्हणून झाली नाही. दाराशी शेजारच्या गुजराती बेन अत्तर लावत होत्या, “आवो आवो” करत. पुढे माझी बायको गुलाबपाणी शिंपडत होती. स्वयंपाकघराच्या तोंडाशी माझी मुलगी तिळगूळ आणि वाण देत होती. आणि मध्ये, खिडकीखाली, पाटावर वहिनी. हळदीकुंकवाचं तबक मांडीशी. एकेक बाई समोर टेकायची, वहिनी तिला कुंकू लावायची आणि तेवढ्यात तिच्याशी तिचंच बोलायची. “सासूबाई उठून बसतात का आता?” “लेकीचं ॲडमिशन झालं का गं?” मग ती बाई उठून तिळगुळाकडे, तिच्या जागी पुढची. अत्तरापाशी बेन गप्पांत रमल्या, रांग तुंबली, तरी वहिनी जागची हलली नाही.

मी चपला सोडून आत घुसलो. “वहिनी, तुम्ही बसल्या आहात!”

“मग काय नाचू?”

“तसं नाही. तुम्ही बसलात म्हणून हे सगळं चाललंय!”

“भावजी, गुलाबपाणी संपलंय, ते आणा. ज्ञान नंतर.”

सगळ्या गेल्यावर उरलेला तिळाचा लाडू फोडत तिने आपणहून विचारलं. “हं. बसलात म्हणजे काय म्हणत होतात?”

लॅपटॉप घरी राहिला होता, म्हणून मला नीट सांगता आलं. म्हणालो, वर्गात तुम्ही मधोमध उभ्या असता आणि सगळ्यांची सगळी कामं करता. इथे एकच केलंत. प्रत्येकीला थोडा वेळ तिच्या एकटीचा दिलात. बाकीचं बाकीच्यांनी सांभाळलं.

“आणि टॅबवालं पोरगं अडलं तर?”

“अडू दे थोडं. शेजारी पोरं आहेत ना. अत्तरापाशी अडलंच होतं की. तुम्ही उठलात का?”

“नाही उठले.” लाडवाकडे बघत म्हणाली, “उठावंसं वाटत होतं हो.”

पुढच्या सोमवारी तिने घरचा पाट पिशवीत घालून शाळेत नेला. खुर्ची का नको, विचारलं तर म्हणाली, “खुर्चीतून मी उठेन. पाटावर एकदा बसलं की हे गुडघे मला लवकर उठू देत नाहीत. तेच बरं.”

पहिले काही दिवस ती पाटावरूनच आरडाओरडा करत होती म्हणे. मग पोरांना सवय झाली, आणि तिलाही. एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“भावजी, वर्गात मुर्धा गावाहून येणारी एक मुलगी आहे. शांत. आज माझ्यासमोर बसली, भागाकार दिला, तर हात हलेना. मी हळूच विचारलं, तर म्हणते, बाई, माना न्हाय समजत. म्हटलं, कधीपासून? तिने नीट आठवून सांगितलं, तिसरीपासून.”

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

“रोज विचारते हो मी वर्गाला, समजलं का म्हणून. रोज सगळे ‘हो’ म्हणून ओरडतात. त्यात ही पण हो म्हणायची. मला तिचा हो वेगळा कधी ऐकूच आला नाही.” मग एकदम बाईंच्या आवाजात, “तुमच्या त्या टॅबवर तिसरीचा भागाकार मिळतो का? तिच्या एकटीपुरता? बाकीच्यांना कळू न देता?”

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी नोकरीभर स्लाइडी दाखवत हिंडलोय. “मिळतो!” मी ठासून सांगितलं, आणि फोन ठेवून ऑफिसला विचारलं, खरंच मिळतो का.

मिळत होता.

मार्चमध्ये मी वर्ग बघायला गेलो. सवयीने मधोमध जाऊन उभा राहिलो आणि बोलायला तोंड उघडलं. वहिनी पाटावर होती. समोरच्या मुलावरची नजर न काढता म्हणाली, “सर, तुमची पाळी आली की बोलवीन. तोवर टॅबकडे बसा.”

बसलो. शेजारी ती मुर्ध्याची मुलगी. माझ्यापुढेही एक भागाकार आला. मी सोडवला. टॅब गोड आवाजात म्हणाला, “पुन्हा प्रयत्न करा.”

पोरीने एक हेडफोन बाजूला करून माझ्या पडद्याकडे पाहिलं. “काका, वरचा आकडा खाली न्हाय घेतला तुमी.”

वहिनीने चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. उठली मात्र नाही.

माझी पाळी आली. मी समोर मांडी घातली.

“काय अडलंय तुमचं?”

“भागाकार.”

“तो नववीतही अडायचा. बोला.”

“एप्रिल आलाच,” मी आवाज खाली आणला. “हेडबाईंना काय सांगितलंत?”

तिने त्या मुलीकडे पाहिलं. पोरगी बोटं मोजत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. “ती आत्ता कुठे चौथीच्या गणितापाशी पोचतेय. मी हेडबाईंना म्हटलं, वर्ग पाचवीत चाललाय तर मलाही त्यांच्याबरोबर वर ढकला.”

मी तिच्या पाटाकडे पाहिलं.

“आणि पाचवी वरच्या मजल्यावर आहे,” ती म्हणाली. “जूनमध्ये हा पाट वर न्यायला या. लॅपटॉप आणू नका, नुसते या.”

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या पाठीला बोट टोचलं. पुढचा नंबर केव्हाचा ताटकळला होता. मी उठलो.