वीतभर अंतराचं भिंग

डोंबिवली पूर्वेला एका जिन्याखाली आमच्या ओळखीच्या कारागिराचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घर खाडीवरच्या कोळ्यांचं, त्यामुळे लहानपणीच जाळी विणायला शिकलेला. पन्नाशीत डोळे दगा द्यायला लागले, तेव्हा सोल्डरिंगसाठी भिंग आणायचं काम त्याने मला सांगितलं, कारण मी नोकरीला मुंबईत. मी पसंतीसाठी तीन आणली आणि सगळ्यात मोठं दाखवणारं ऐटीत पुढे केलं.

त्याने ते डोळ्याला लावलं आणि समोर वीत ताणली. जाळ्याची गाठ म्हणे डोळ्यापासून वीतभर लांब हवी.

"यात नाक सर्किटला लागतंय, साहेब. सोल्डरचा धूर खात बसू का?"

सगळ्यात कमी ताकदीचं, कपाळाला पट्ट्याने बसणारं भिंग त्याने ठेवून घेतलं. मला तो निव्वळ हट्ट वाटला.

त्या भिंगाने पहिलं काम माझ्याच वडिलांच्या, दादांच्या, कानाच्या यंत्राचं. ते बिघडल्यापासून दादा घरात असून नसल्यासारखे झाले होते. त्याने तुटलेली तार जोडली, भिंग वर सरकवलं, डोळे मिटले आणि गाठी तपासाव्यात तसं एकेका सांध्यावरून नख फिरवलं. एका जागी ते थांबलं.

"हा कच्चा आहे. आज ना उद्या सुटणार."

मला तर तो चकचकीत दिसत होता. परत करायचं राहिलेलं ते सगळ्यात मोठं दाखवणारं भिंग मी लावून पाहिलं, तेव्हा कुठे सांध्याभोवती केसाएवढी चीर दिसली.

मान वर केली. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि नख पुढच्या सांध्यावर गेलं होतं.