पाळण्याला बांधलेला टॅब
नेलपॉलिश रिमूव्हरचा गोडसर वास आला की मला आम्ही आखातात राहायचो तेव्हाच्या रोल्लातल्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. रत्नागिरीला असलेल्या सासूबाईंना नात झोपलेली बघायची असायची, म्हणून आम्ही टॅब पाळण्याच्या कठड्याला ओढणीने बांधला होता. दिवसभर चार्जर लावलेला, दिवसभर व्हिडिओ कॉल चालू. त्या आठवड्यात त्या रोज म्हणत होत्या, "अगं, पोर खाली सरकलीय, मला छतच दिसतंय." मी पोरीलाच वर सरकवत राहिले. त्या दुपारी खोलीत टॅबच्या बाजूने तो वास आला. नवऱ्याने टॅबचं सेटिंग उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बॅटरी हेल्थ गुड दाखवतंय, खलास, विषय संपला. एसीचा वास असेल." तरी मी ओढणी सोडून टॅब फरशीवर ठेवला. तो सपाट बसेना. आतल्या बॅटरीने पाठ फुगली होती, काच एका बाजूने उचलली जाऊन कॅमेरा छताकडे वळला होता, आणि बोट लागताच तो जागच्या जागी गरकन फिरला. नवऱ्याने चार्जर उपटला आणि टॅब नेऊन बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत ठेवला. कॉल बंद करायचं आम्हाला सुचलंच नाही. कुंडीतून आवाज येत राहिला, "अगं, आता नुसतं आभाळ दिसतंय. पोर कुठाय?" पोर आता शाळेत जाते, तरी तो वास आला की मी अजूनही आधी तिच्या उशीखाली फोन-टॅब तर नाही ना, हात घालून बघते.