मामींचा एक अख्खा फोटो

घाई नावाची एक गोष्ट जगात असते, ही बातमी ज्यांच्यापर्यंत अजून पोचलेलीच नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते माझ्याच खालच्या मजल्यावर राहतात. वेस्ट मांबलममधलं हे घर त्यांचं, मी वरचा भाडेकरू. बँकेने साताऱ्याहून उचलून मला चेन्नईत आणून टाकलं, तेव्हा मराठी बोलणारा घरमालक मिळाला म्हणून मी नाचायचाच बाकी होतो. पूर्वज तंजावरचे, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची, सूर तमिळ, आणि दर तीन वाक्यांमागे एक 'सरि, सरि', म्हणजे 'बरं, बरं'. गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांच्या पत्नीला मामी, म्हणून मीही म्हणतो. नोकरीत असताना मामा रेल्वेची वेळापत्रकं तयार करायच्या कामावर होते. हे कळल्यावर मी आठवडाभर बसने फिरलो.

मामांचा जीव दोन गोष्टींत, सकाळच्या फिल्टर कॉफीत आणि फिल्मच्या कॅमेऱ्यात. कॅमेरा पोराबाळासारखा सांभाळलेला. छत्तीस फोटोंचा एक रोल मामांना वर्षभर पुरायचा. पोंगलला घातलेला रोल पुढच्या पोंगलला निघे. एका वस्तूचा एकच फोटो, दुसरा काढणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. एकदा मला चेन्नईजवळच्या कोवलमला घेऊन गेले. होड्या किनाऱ्याला लागण्याचा फोटो हवा होता. सकाळी सहाला वाळूत उभे राहिलो. होड्या आल्या, मासळी उतरली, लिलाव झाला, बायका टोपल्या घेऊन बसने निघूनही गेल्या, आणि मामा डोळा कॅमेऱ्याला लावून उभेच. मी म्हटलं, "अहो मामा, काढा की!" तर म्हणाले, "उजेड अजून मऊ झाला नाही." दहाच्या उन्हात उजेड मऊ कुठून होणार? फोटो न काढताच आम्ही परतलो आणि मामा वाटेत म्हणाले, "पाहा, एक वाचला."

आता अशा माणसाच्या बायकोचे फोटो किती असतील? रोलमधला छत्तिसावा, शेवटचा फोटो मामींचा, असा मामांनी लग्नानंतर नेम केला. स्वतःच्या मते त्यांनी बायकोला मानाचं पान वाढलं होतं. पण रोलचं शेवटचं टोक म्हणजे बेभरवशाचा कारभार. कधी रोल पस्तीसलाच संपे, कधी धुणाऱ्याची कात्री मधून फिरे, कधी अर्ध्या फोटोवर उजेड सांडलेला असे. मामींनी एकदा मला अल्बम दाखवला. एका फोटोत कोपर आणि बांगड्या, एकात डोक्याशिवाय कांजीवरम, एकात नुसता मोगरा. "हा बघ, हा माझा डावा कान. कान छान आलाय, नाही?" आणि पोट धरून हसल्या. मग अल्बम मिटता मिटता म्हणाल्या, "लग्नातला एक सोडला तर अख्खी मी कुठेच नाही."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण रोल धुऊन देणारा ओळखीचा म्हातारा दुकान बंद करून लेकाकडे कोइंबतूरला गेला, आणि त्याच वर्षी मामांची सत्तरीची शांत ठरली. या शांतीत नवरा-बायकोने पुन्हा एकदा एकमेकांना हार घालायचे, पुन्हा मंगळसूत्र बांधायचं, थोडक्यात नातवंडांसमोर लग्न लावायचं. मामींनी तेव्हा प्रथमच हट्ट धरला. "पाहुण्यांचे फोटो काढायला कुणालाही बोलवा. माझा एक फोटो, त्या दिवशीचा, डोक्यापासून पायापर्यंत, तुम्ही काढायचा. मी काय शंभरीपर्यंत वाट बघू?" मामा वरमले. मग ताठ बसून म्हणाले, "सरि. डिजिटल एस-एल-आर घेऊ." हाताशी आठ महिने होते. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

त्या आठ महिन्यांतले माझे सगळे शनिवार माउंट रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानातला विक्रेता पहिल्या भेटीत ब्रह्मचारी होता, शेवटच्या भेटीत बाप व्हायच्या वाटेवर होता. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "सार, आता हे आरशाचे एस-एल-आर जायला लागलेत, बिनआरशाचे घ्या." मामा दुखावले. "आरसा नाही तर मी बघतो ते काय? टीव्ही?" म्हणाले. सगळं जग ज्यातून उठून चाललं होतं तिथे मामा नुकते येऊन बसत होते. ते प्रत्येक कॅमेरा कानाला लावून, डोळे मिटून शटरचा आवाज ऐकत. "हा खोकतो," "ह्याला घाई फार." पिक्सेल किती, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांची अट एकच, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसली पाहिजे. एकावर बसली, तर विक्रेता म्हणाला की आतला सेन्सर लहान आहे, म्हणून पन्नास मिलिमीटरची लेन्स पंचाहत्तरसारखी वागेल. मामा खुर्चीतून उठले. "काही न करता पन्नासचे पंचाहत्तर? रेल्वेत माझ्या पगाराचं असं कुणी केलं नाही हो!" घरी येऊन त्यांनी सात कॅमेऱ्यांचा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. मामी येता-जाता म्हणत, "तक्त्याचाच फोटो काढा आता."

शेवटी शांतीला चार दिवस उरले तेव्हा मामींनी तक्त्यावर डोळे मिटून बोट ठेवलं. तोच घेतला. नशीब बघा, सेन्सर मोठा निघाला आणि जुनी लेन्सही बसली! मामांनी घरी आल्यावर पहिलं काम काय करावं? मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी म्हटलं, "मामा, फोटो लगेच दिसतो हीच तर मजा आहे." तर म्हणाले, "फोटो काढल्या-काढल्या बघू नये. कागदावर येईपर्यंत त्याची वाट बघायची असते."

शांतीच्या दिवशी मामा नव्या वेष्टीत, म्हणजे तमिळ धोतरात, गळ्यात हार, हारावर कॅमेरा. गुरुजींनी दोनदा "कॅमेरा खाली ठेवा" म्हणून सांगितलं, मामांनी दोनदा "सरि" म्हटलं आणि ठेवला नाही. मंगळसूत्र बांधून झालं नि मामा उठले. मामी नऊवारीत उभ्या, लग्नातल्या नवरीसारख्या लाजल्यासुद्धा. मामांनी श्वास रोखला. त्यांचं बघून सगळ्या मंडपाने रोखला. एक माणूस तर ठसका लागून बाहेर पळाला. खट्ट! एकच. मामांचा अंगठा सवयीने रोल पुढे सरकवायची दांडी शोधत राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रिंट करायला आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग मामांकडे बघितलं. "सार, कार्ड कुठाय?" कार्ड घरी होतं. फ्रिजमध्ये. इडलीच्या पिठाशेजारी, डबीत. मामा रोल नेहमी उन्हापासून जपून फ्रिजमध्ये ठेवत, तसंच कार्डही ठेवलं होतं, आणि शांतीच्या गडबडीत ते घालायचंच राहिलं. कार्ड नाही म्हणून पडद्यावर सूचना आलीही असेल, पण पडद्यावर पट्टी! मला हसू फुटणार होतं, पण मामांचा चेहरा पाहिला आणि ते तिथल्या तिथे विरलं. सत्तर वर्षांचा माणूस भर दुकानात डोळे पुसत होता.

मेट्रोने आम्ही परतलो. मामा घरी येऊन मामींसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं, पट्टीसकट, फ्रिजसकट. मामी उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाजही येईना, तेव्हा मामा मला हळूच म्हणाले, "ओरडली असती तर बरं होतं हो." अर्ध्या तासाने मामी बाहेर आल्या. तीच नऊवारी, तेच दागिने, डोक्यात कालचा किंचित मलूल मोगरा. व्हरांड्यात ऊन येत होतं तिथे उभ्या राहिल्या. "ती पट्टी काढा आधी. आणि कार्ड याच्यापाशी द्या, हा घालेल."

मी कार्ड घातलं. मामांनी फोटो काढला आणि मामींनी लगेच कॅमेरा ओढून घेतला. चष्मा लावून त्या पडद्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "ही तर माझी आई!"

मामाही वाकून बघू लागले. नवरी एका अल्बमात होती, आणि आता एकदम ही पांढऱ्या केसांची बाई. "मधली सगळी तू राहिलीस गं," मामा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मी तिथे नसतो तर बरं, असं मला वाटलं.

"राहिले कशी?" मामी म्हणाल्या. "तुम्ही बघत होतात की रोज."

मामांनी कॅमेरा परत घेतला आणि एक काढला. मग आणखी एक. मग उजेड न बघता, श्वास न रोखता काढतच सुटले. मी वर निघालो. जिन्यावरून मामींचं "पोदुम, पुरे आता" ऐकू येत होतं. खाली वाकून पाहिलं तर पुरे पुरे म्हणणाऱ्या मामी जागच्या हललेल्या नव्हत्या.